बरणीतले सहा काळे मणी

१

बरणी उपडी केल्यावर तीस मणी घरंगळायला हवे होते. चादरीवर पडले चोवीस, आणि चोवीसच्या चोवीस पांढरे.

प्राध्यापक थाकनी बरणी हलवली. आत हात घालून चाचपली. शेवटी तिच्या तोंडाला डोळा लावून आत पाहिलं, जणू काळे मणी रुसून तळाला चिकटून बसले असावेत.

"काळे कुठायत?" त्यांनी विचारलं.

म्योंगबाई खिडकीपाशी संत्रं सोलत बसल्या होत्या, त्यांचा हात थांबला.

जन्मभर विमा कंपन्यांसाठी मरणाचे आणि अपघातांचे तक्ते मांडून म्योंगबाई निवृत्त झाल्या होत्या. कोरियाच्या जेजू बेटावरच्या या दोल्गे गावात त्या फक्त साक्षीदार म्हणून आल्या होत्या. एका बाजूला थाक सरांची जोखीम-संशोधन संस्था, दुसऱ्या बाजूला सोलची एक विमा कंपनी. दोघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता, म्हणून मध्ये ही तिसरी, गुडघेदुखीने त्रासलेली, फटकळ तोंडाची बाई.

प्रयोग साधा होता. गावातल्या डुबकीवाल्या बायका नुसत्या श्वासावर समुद्रात उतरून शंख-शेवाळ काढतात. त्यांना विमा हवा होता, पण अट एकच: सगळ्यांना एकच दर, मग ती तिशीतली असो नाहीतर ऐंशीची. कंपनी म्हणत होती, असं चालत नाही. जिला धोका जास्त ती धावत येते, जिला कमी ती बाहेर राहते आणि पेटी रिकामी होते. म्हणून थाक सरांनी बरणी मांडली. चोवीस पांढरे मणी म्हणजे चांगला दिवस, सहा काळे म्हणजे वाईट. मणी काढण्याआधी प्रत्येकीने सांगायचं, आपल्या वाटच्या शिंपल्यांतले किती ती सगळ्यांच्या टोपलीत टाकणार. काळा आला तर हातातले शिंपले गेले, भरपाई टोपलीतून. अडतीस बायका, तीन तीन पाळ्या.

"वीस-बावीस वेळा तरी काळा यायला हवा होता," थाक सर म्हणाले. "आला किती वेळा, दा-ऊन?"

"सहा वेळा, सर."

बू दा-ऊन त्यांची विद्यार्थिनी. चार वर्षं याच प्रबंधावर राबत होती. आत्ता तिचा चेहरा पांढऱ्या मण्यांपेक्षा पांढरा पडला होता.

"आणि मागच्या खोलीची किल्ली कोणाकडे होती?"

"माझ्याकडे."

विमा कंपनीचे प्यो साहेब घसा खाकरून पुढे आले. "मी कोणावर आरोप करत नाही," ते म्हणाले, म्हणजे आता करणार होते. "पण या मुलीची आई इथल्या बायकांची प्रमुख आहे. काळे मणी कमी, म्हणजे धोका कमी दिसणार, म्हणजे हप्ता कमी. उद्या दुपारच्या विमानाने मी परत चाललोय. अहवालात फसवणूक असंच लिहावं लागेल."

"दा-ऊन," थाक सर म्हणाले, "खरं निघालं तर तुझं नाव संस्थेतून जाईल. कुठल्याच संस्थेत मग तुला कोणी उभं करणार नाही."

म्योंगबाईंनी संत्र्याची फोड तोंडात टाकली. "उद्या दुपारपर्यंत वेळ आहे ना? मग आत्तापासून कशाला मर्तिकाला आल्यासारखी तोंडं करताय? पोरी, चल. मला ती मागची खोली दाखव."

२

खोली म्हणजे सभागृहाच्या पाठीमागचं कोठार. एक दार सभागृहात, त्यावर पडदा. दुसरं दार थेट समुद्राकडे. मध्ये एक तिवई, तिच्यावर दिवसभर बरणी होती.

"एकेक बाई आत एकटी जायची," दा-ऊन सांगू लागली. "मणी काढून पडद्याबाहेर यायची, मला दाखवायची. मी रंग टिपून घ्यायचे. मग परत आत जाऊन तो मणी बरणीत टाकायचा आणि मागच्या दाराने निघून जायचं. मग पुढची."

"परत टाकताना कोण बघत होतं?"

"कोणीच नाही. सरांचा नियमच तसा. पाहणारं कोणी असलं की माणूस वेगळा वागतो."

"आणि नियम मोडला तर?"

"भेट नाही मिळणार. सगळ्यांना नवा रबरी पोशाख मिळणार आहे ना, तो."

म्योंगबाईंनी 'हं' केलं. डुबकीवाल्या बाईला नवा पोशाख म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होतं. थंडीच्या पाण्यात फाटक्या पोशाखाने उतरून बघावं म्हणजे कळतं.

"काळे येईनासे झालेत हे तुझ्या लक्षात नाही आलं?"

"आलं की! सकाळी चार आले. मग कमी कमी होत गेले. दुपारी जेवणानंतर फक्त दोन. शेवटी शेवटी तर नुसते पांढरेच. बरणीत बघावंसं वाटलं, पण मध्येच डोकावायचं नाही, हाही नियमच."

"कुणाकुणाला काळा आला, आठवतं?"

दा-ऊनने पाच नावं घेतली. सहाव्या नावाला अडखळली. "आणि आईला. जेवणानंतर."

म्योंगबाई कण्हत कुंथत खाली वाकल्या. मागच्या दाराच्या उंबऱ्यापाशी फरशीवर तांदळाचे दाणे पडले होते. कच्चे, चार इथे, दोन तिथे. फटीत पांढऱ्या कागदाचा एक कपटा अडकला होता, जुन्या पद्धतीचा, हाताने केलेल्या कागदाचा.

"इथे कोणी स्वयंपाक केला होता का?"

"नाही हो. जेवण पुढच्या अंगणात होतं." दा-ऊनने दाणे पाहिले आणि पटकन नजर फिरवली. "उंदरांनी आणले असतील."

पोरगी हुशार होती, पण तिला खोटं बोलता येत नव्हतं. या दाण्यांचा अर्थ तिला कळला होता आणि तो सांगायचा नव्हता.

३

थाक सर अंगणात येरझाऱ्या घालत होते.

"बाई, माझीच विद्यार्थिनी हो! तिचे सगळे आकडे मी डोळे झाकून घेतले आजवर. आता मागचंही सगळं तपासावं लागणार. माझी झोप उडाली."

"झोपेचं नंतर बघू. तुम्ही आत गेला होतात?"

"सकाळी बरणी ठेवायला. सगळ्यांच्या देखत मणी मोजून टाकले. नंतर संध्याकाळपर्यंत फिरकलो नाही. मीच केलेला नियम मीच मोडू?"

हा माणूस नियम मोडणाऱ्यातला नव्हे. नियमापलीकडे काही असतं हे त्याच्या गावीच नव्हतं, आणि म्योंगबाईंना वाटलं, निम्मा घोटाळा तिथेच असेल.

प्यो साहेब मोटारीत बसून फोनवर बोलत होते. बाईंनी काचेवर टकटक केली.

"जेवणाच्या सुट्टीत कुठे होतात?"

"जेवत होतो."

"आता गंमत बघा. बाहेर रताळी भाजणाऱ्या बाईला विचारलं मी. म्हणाली, सोलचा साहेब एक रताळंही न खाता उठला आणि समुद्राकडच्या बाजूने गेला. तिच्या रताळ्यांना नावं ठेवली म्हणून अजून धुमसतेय ती."

प्यो साहेबांचा कान लाल झाला. "हवा खायला गेलो होतो."

"मागच्या दाराला कुलूप नव्हतं ना तेव्हा?"

"मला काय माहीत? आणि बाई, तुम्ही साक्षीदार आहात. पोलीस नाही."

"बरोबर आहे. पोलिसांना पगार असतो," म्योंगबाई म्हणाल्या आणि वळल्या.

तर हा गृहस्थ आत गेला होता, एवढं नक्की. काळे मणी त्याने उचलले असतील तर प्रयोग बाद होऊन त्याचाच फायदा होता. पण मग एक गोष्ट जुळत नव्हती. त्याने मणी दुपारी नेले असते, तर जेवणानंतरचे दोन काळे आले कुठून?

४

दा-ऊनची आई, यांग मान-शिम, किनाऱ्यावरच्या खडकावर बसून आपली जाळीची पिशवी शिवत होती. पासष्टीची बाई, पण पाठ ताठ. शेजारी सुन-ये आज्जी. नव्वदीला टेकलेल्या, पाण्याच्या दाबाने कान पार गेलेले, त्यामुळे सगळं गाव ऐकेल अशा आवाजात बोलणाऱ्या. आज्जी पांढऱ्या कागदाच्या तुकड्यांत मूठ मूठ तांदूळ घालून पुड्या बांधत होत्या.

"हे काय, आज्जी?" म्योंगबाईंनी त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं.

"समुद्राचा वाटा! या आठवड्यात देतात. एक माझी, एक लेकाची, एक सुनेची. सुनेची जरा छोटी बांधलीय!" आज्जी खदखदून हसल्या. "सगळ्याजणींच्या खिशात सापडतील बघ."

म्योंगबाईंना खोलीतले दाणे आठवले. त्या मान-शिमकडे वळल्या.

"तुमच्या मुलीवर आळ आलाय, माहीत आहे ना?"

"माहीत आहे." सुई थांबली नाही.

"तुम्हाला काही सांगायचंय?"

"मला त्या मण्यांतलं काय कळतं? तुम्ही शिकलेली माणसं."

"मान-शिमताई, लेकीचं आयुष्य पणाला लागलंय."

आता सुई थांबली. मान-शिमने समुद्राकडे पाहिलं. "तिची मावशी याच पाण्यात गेली. तेव्हा पोर आठ वर्षांची होती. म्हणाली, आई, मी असं काहीतरी शिकेन की मावशीसारखं झालं तरी घर बुडणार नाही. मी तिला पाण्यात उतरू दिलं नाही, शाळेत घातली. आणि तुम्ही मला सांगताय काय पणाला लागलंय ते?" तिचा आवाज चढला. "सहा मणी! ज्याने कोणी सहा-सहा मणी उचलून माझ्या पोरीला गोत्यात आणलं, त्याचं कधी भलं व्हायचं नाही!"

हा राग खोटा नव्हता. पण म्योंगबाईंच्या कानाला तो आकडा खटकला. नुसतं 'मणी उचलले' असं ती म्हणाली नाही. सहाच्या सहा उचलले याचाच तिला राग होता.

खडकांजवळच्या उथळ पाण्यात दोन म्हाताऱ्या बायका पोहत होत्या. त्यांच्यापलीकडे, खोल पाण्यात, तरुण बायका. उथळात शंख भरपूर दिसत होते, तरी एकही तरुण बाई इकडे फिरकत नव्हती.

"इकडचं कोणी घेत नाही?"

"ते म्हाताऱ्यांचं पाणी," मान-शिम म्हणाली. "ठरलेलंच आहे. कोणी ठरवलं कोणास ठाऊक."

म्योंगबाई उठल्या. वाटेत दा-ऊन उभी होती. किती वेळ उभी होती देव जाणे, डोळे लाल झालेले.

"मॅडम, चौकशी थांबवा. मणी मीच काढले."

"तू?"

"हो. जेवणाच्या सुट्टीत. सगळे एकदम. आईला यात ओढू नका. माझं नाव लिहून मोकळ्या व्हा."

५

"बस इथे," म्योंगबाईंनी तिला बांधावर बसवलं आणि अर्धं संत्रं हातात दिलं. "खा. आणि ऐक. जेवणाच्या सुट्टीत सगळे सहा काढलेस, तर जेवणानंतर दोन बायकांना काळा कसा आला? एक तुझ्या आईलाच."

दा-ऊन संत्र्याच्या शिरा खुडू लागली.

"विमागणित शिकतेस आणि असला ढिसाळ कबुलीजबाब देतेस? मला लाज वाटली." बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "आईने केलं असं वाटतंय ना तुला? तांदूळ पाहिलेस तेव्हापासून."

पोरीला हुंदका फुटला. "चार वर्षं मी इथल्या बायकांना म्हणतेय, खरं सांगा, खरं सांगितलंत तरच गणित खरं होईल. आणि माझ्याच आईने... माझ्यासाठीच केलं असणार हो, हप्ता कमी व्हावा म्हणून. तिला चोर कशी म्हणू मी?"

"म्हणू नकोस. आता डोकं चालव. चोराने बरणी रिकामी केली असती तर काय दिसलं असतं? काळे येतायत, येतायत, आणि एकदम बंद. पण तूच सांगितलंस, ते हळूहळू कमी होत गेले. बरणीत काळे किती होते?"

"सहा."

"दिवसभरात बाहेर आले किती?"

"सहा..." दा-ऊनचं तोंड उघडंच राहिलं. "म्हणजे प्रत्येक काळा मणी एकदाच आला?"

"एकदाच. आला आणि परत गेलाच नाही. आता घरी जा, जेव, आईशी एक अक्षर बोलू नकोस. उद्या सकाळी मला थाक सरांची जादा मण्यांची पिशवी आणून दे. आणि हो, त्या दोघा पुरुषांनाही सांग, सकाळी बायकांच्या शेकोटीवर यायचं."

"तिथे पुरुषांना आत घेत नाहीत, मॅडम."

"मग भिंतीबाहेर उभे राहू देत. कान तर आहेत ना त्यांना?"

६

शेकोटीची जागा म्हणजे काळ्या दगडांचं छातीइतकं उंच गोल कुंपण, मध्ये जाळ. पाण्यात उतरण्याआधी सगळ्याजणी तिथे शेकत बसल्या होत्या. भिंतीबाहेर थाक सर आणि प्यो साहेब वाऱ्यात कुडकुडत उभे होते. एका बाईने त्यांना भिंतीवरून रताळं देऊ केलं. प्यो साहेबांनी या खेपेस मुकाट्याने घेतलं.

म्योंगबाईंनी बरणी मधल्या दगडावर ठेवली. "कालचा प्रयोग वाया गेला. आता एकच पाळी, सगळ्यांसमोर. मान-शिमताई, पहिल्या तुम्ही. तुमच्यानंतर तुमची लेक."

मान-शिमने बरणीत हात घातला. मूठ बाहेर आली, उघडली. तळहातावर काळा मणी.

"वाईट दिवस," म्योंगबाई म्हणाल्या. "असो. आता तो परत टाका. दा-ऊन, पुढे ये."

मूठ मिटली.

"टाका ना, ताई."

"नाही टाकत."

"नियम आहे."

"असेल. पुढे माझी पोर आहे. माझ्या हातात आलेलं वाईट मी तिच्यासाठी त्यात परत ठेवू? आई आहे मी तिची."

"बरं. पुढे लेक नसती, सुन-ये आज्जी असत्या, तर?"

मान-शिमने मूठ पाठीमागे नेली.

"काल दुपारी तुमच्या मागे कोण होतं, मान-शिमताई?"

"काय म्हणतेय ती?" आज्जी ओरडल्या. शेजारणीने कानात सांगितलं. "मी होते की! मी होते हिच्या मागे!"

मान-शिमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "एकच घेतला मी," ती म्हणाली. "एकच! तांदळाच्या पुडीत घातला आणि समुद्राला दिला, म्हटलं तूच ठेव. आणि संध्याकाळी कळलं, सहा गेले. मी एकाचं कबूल केलं असतं तर सहाही माझ्याच माथी आले असते. आईने केलं, लेकीने करवलं, असंच म्हणाले असते सगळे. बाकीचे पाच कोणी नेले, मला खरंच माहीत नाही हो!"

पलीकडची एक बाई उठली. तिचा चेहरा गोरामोरा झाला होता. "ताई... एक मी नेला. मला वाटलं, एकाने काय होतंय? आणि मग मला वाटलं, बाकीचे तुम्हीच..."

"अगं, मीसुद्धा एकच!" दुसरी म्हणाली.

मग तिसरी. मग चौथी, ती तर नव्या पोशाखाच्या आशेने जुना भाचीला देऊन बसली होती. सगळ्याजणी एकमेकींकडे बघत राहिल्या. रात्रभर प्रत्येकीने दुसरीवर संशय घेतला होता आणि प्रत्येकीला स्वतःची लाज वाटली होती.

"पाच झाल्या," म्योंगबाई म्हणाल्या. "सहावी?"

"तुम्ही कशाला मोजताय, सहावी मीच!" आज्जी ओरडल्या. "शेवटचा काळा मलाच आला! मागे कोण होतं ते दिसलंच नाही. पण कोणीतरी असणारच ना मागे!"

कोणीतरी फिसकन हसलं, आणि मग हसू आवरेना. मान-शिम रडत रडत हसत होती.

दा-ऊनने बरणी ओतली. मणी दगडावर घरंगळले. सगळेच काळे.

"तुम्ही आईला फसवलंत, मॅडम!"

"फसवलं. तिने पांढरा काढला असता तर मला कसं कळलं असतं?" म्योंगबाई भिंतीकडे वळल्या. "थाक सर, ऐकलंत? काढलेला मणी परत टाकायचा, हे तुम्हीही पुस्तकात शिकलात आणि मीही. परत टाकणाऱ्याला ते जमेल का, हे आपल्यापैकी कोणाच्याही डोक्यात आलं नाही. तुमची चोरी झालीच नाही. तुमचा नियम या बायकांना पाळता आला नाही, एवढंच."

थाक सरांनी टोपी काढली. "दा-ऊन," ते भिंतीवरून म्हणाले, "मी तुला आधी विचारायला हवं होतं. विचारण्याआधी दोषी ठरवलं. माफ कर मला."

"पण प्रयोग वायाच गेला की!" प्यो साहेब म्हणाले. "माझ्या अहवालात काय लिहू?"

"आधी हे सांगा," म्योंगबाई म्हणाल्या, "काल दुपारी तुम्ही बरणी उघडलीत तेव्हा आत काळे किती होते?"

प्यो साहेबांच्या घशात रताळं अडकलं.

"चार सकाळी आले होते. माझा हिशेब म्हणतो, दोन. बरोबर?"

त्यांनी वाऱ्याकडे तोंड फिरवलं. "दोन," ते म्हणाले. "चार गेलेत ते दिसलं मला. गप्प बसलो. प्रयोग फसला तर वरचे खूश होतील, असं वाटलं. आणि आळ मुलीवर गेला तेव्हाही गप्पच बसलो." त्यांनी मान खाली घातली. "हे बरं केलं नाही मी."

"नाहीच केलंत. आता भरपाईची संधी देते, ती घ्या. तुमच्या कंपनीला भीती कसली? की माणूस आपल्यापुरतं बघतो, धोका दुसऱ्यावर ढकलतो. इथे सहा बायका एकेकट्या, पडद्याआड, कोणी बघत नसताना, नवा पोशाख जाईल हे माहीत असताना, पुढचीचा धोका स्वतः उचलून नेतात. एकमेकींना न विचारता. तुमचे तक्ते ज्या किनाऱ्यांवरून आलेत तिथे माणसं एकेकटी उतरतात. इथे उथळ पाणी म्हाताऱ्यांसाठी सोडून देतात. हे दोन किनारे एकाच तक्त्यात बसवलेत तर गणित तुमचं चुकेल, यांचं नाही."

"एका बरणीवरून एवढं ठरवता येणार नाही, बाई."

"नाहीच येणार. म्हणून वर्षभर करून बघा. आणि मोजणारं माणूस तुमच्यासमोर उभं आहे." त्यांनी दा-ऊनला पुढे ढकललं.

दा-ऊनने डोळे पुसले. "वर्षभर मी इथेच राहते," ती म्हणाली. "बरणी नको. कोणी कोणासाठी काय उचललं, ते खऱ्या पाण्यात मोजते. माझं चुकलं तर तुम्ही लिहा, चुकलं म्हणून."

प्यो साहेब फोन घेऊन खडकांच्या दिशेने गेले. बायका जाळाकडे बघत बसल्या, पण सगळ्यांचे कान तिकडेच. मान-शिमने लेकीचा हात हातात घेतला.

"तुझ्या चार वर्षांवर मीच पाणी फिरवत होते गं."

"आई, चार वर्षं मी बायकांना विचारतेय, दुसरीसाठी किती धोका उचलाल? सगळ्या सांगतात, कोणास ठाऊक. आणि तू काल करून दाखवलंस. फक्त मला सांगायचं राहिलं."

"तूही काल सगळं आपल्या अंगावर घ्यायला निघाली होतीस म्हणे."

"तुझीच लेक ना."

प्यो साहेब परत आले. केस वाऱ्याने उभे राहिलेले, चेहऱ्यावर मोठं ओझं उतरल्यासारखा सैलपणा. भिंतीशी थांबून त्यांनी नेहमीपेक्षा हळू आवाजात सांगितलं, "एक वर्ष. दर एकच. वयाची अट काढलीय. लेखी संध्याकाळपर्यंत येईल."



"काय म्हणाला तो?" आज्जी ओरडल्या. "मला काढलं ना? मला माहीतच होतं! ऐंशीच्या पुढच्यांना कोण घेतं?"

दा-ऊन त्यांच्या कानाशी वाकली. पण तिचं बोलणं आज्जींना काही ऐकू येईना. मग मान-शिम ओरडली, आणि तिच्यामागोमाग छत्तीसजणी एकदम ओरडल्या:

"तुम्हीसुद्धा, आज्जी! तुम्हीसुद्धा!"

आज्जींनी सगळ्यांकडे एकदा नीट पाहून घेतलं, कोणी थट्टा तर करत नाही ना म्हणून. मग पदर नसलेल्या त्या रबरी पोशाखाच्या बाहीनेच डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मग बसलात काय? ओहोटी लागली. चला पाण्यात."